लिनक्सवर एकापेक्षा जास्त मॉनिटर: डावा कोण, उजवा कोण?

नवा मॉनिटर आणला, केबल खोचली, दोन्ही पडदे उजळले. आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. मग उजवीकडच्या पडद्यावर जायला माउस उजवीकडे सरकवावा, तर कर्सर कडेला धडकून तिथेच थांबतो. वैतागून डावीकडे सरकवला, की तो उजव्या मॉनिटरच्या अगदी पलीकडच्या कडेतून डोकं बाहेर काढतो. मॉनिटर चांगला आहे, केबल चांगली आहे, लिनक्सचंही काही चुकलेलं नाही. संगणकाला एवढंच कळतं की आपल्या दोन पोर्टांना दोन मॉनिटर लागले आहेत. टेबलावर त्यातला कोण कुठे ठेवलाय हे त्याला कळायला मार्गच नाही. ते आपणच सांगायचं असतं.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी टेबलाखाली शिरून दोन्ही केबलींची अदलाबदल केली होती. कर्सर सरळ चालायला लागला, पण वरची पट्टी आणि नवीन उघडणारी प्रत्येक विंडो नको त्या पडद्यावर गेली. पुन्हा टेबलाखाली. जे काम माउसने ओढून दहा सेकंदांत होतं, त्यासाठी मी एक संध्याकाळ धूळ खाल्ली. तेव्हा केबली आहेत तशाच राहू द्या.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘मॉनिटरचा क्रम’ म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिली गोष्ट जागा, म्हणजे कोणता पडदा कोणाच्या डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली आहे. कर्सर कुठून कुठे जाईल हे फक्त हीच ठरवते.

दुसरी गोष्ट मुख्य मॉनिटर, म्हणजे प्रायमरी. पॅनल किंवा वरची पट्टी कुठे दिसणार, हे यावर ठरतं. बरेचसे खेळ पूर्ण पडद्यावर कुठे उघडणार हेही. मुख्य मॉनिटर डावीकडेच असला पाहिजे असं अजिबात नाही. तीन मॉनिटर असतील तर मधला मुख्य ठेवणंच सोयीचं पडतं.

तिसरी गोष्ट नंबर. सेटिंग्जमध्ये चौकोनांवर १, २, ३ असे आकडे दिसतात. नवखा माणूस सगळ्यात आधी यांच्याच मागे लागतो: ‘माझा दोन नंबरचा मॉनिटर एक नंबर कसा करू?’ बहुतेक डेस्कटॉपवर (म्हणजे ग्नोम, केडीई प्लाझ्मा अशा, पट्ट्या, विंडो आणि सेटिंग्ज दाखवणाऱ्या प्रणालींवर) तो आकडा म्हणजे नुसती ओळखीची चिठ्ठी असते. उजवीकडे २ आणि डावीकडे १ असायलाच हवं असा काही नियम नाही. २ डावीकडे असला तरी काहीही बिघडत नाही. आकडा सोडा, जागा आणि मुख्य या दोनच गोष्टी नीट लावा. याला एक अपवाद केडीई प्लाझ्माचा आहे, तो पुढे येतो.

ओळख पटवून घ्या

ओढाओढी करण्याआधी पडद्यावरचा कुठला चौकोन म्हणजे टेबलावरचा कुठला मॉनिटर, हे पक्कं करा. ग्नोममध्ये डिस्प्लेज हे पान उघडलं की प्रत्येक मॉनिटरच्या कोपऱ्यात त्याचा आकडा झळकतो. प्लाझ्मामध्ये त्यासाठी आयडेंटिफाय नावाचं बटण आहे.

प्रत्येक मॉनिटर आपली ओळख केबलमधून संगणकाला कळवत असतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळचा १२८ बाइटांचा तुकडा, त्यात निर्मात्याची तीन अक्षरी खूण, मॉडेलचा क्रमांक, सिरियल क्रमांक आणि पडदा कुठकुठलं रिझोल्यूशन दाखवू शकतो याची माहिती. सेटिंग्जमध्ये कंपनीचं नाव आणि इंच दिसतात ते इथूनच येतात. दोन अगदी सारखे मॉनिटर घेतले असतील तर नावंही सारखीच दिसतात. मग पोर्टाच्या नावावर जा. ईडीपी-१ म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. एचडीएमआय-१ किंवा एचडीएमआय-ए-१ म्हणजे एचडीएमआयचं पोर्ट. डीपी-१, डीपी-२ म्हणजे डिस्प्लेपोर्ट. यूएसबी-सी केबलने जोडलेला मॉनिटरही सहसा डीपी याच नावाने दिसतो, त्यामुळे ‘मी तर डिस्प्लेपोर्ट लावलाच नाही’ म्हणून घाबरू नका.

ग्नोममध्ये

उबुंटू किंवा फेडोराची नेहमीची आवृत्ती वापरत असाल तर तुमचा डेस्कटॉप ग्नोम आहे. मोकळ्या डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज निवडा, किंवा सेटिंग्ज उघडून डिस्प्लेजवर जा.

वर जॉइन आणि मिरर असे पर्याय दिसतील. मिरर म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र; क्रम लावायचा तर जॉइनच हवं. खाली राखाडी भागात मॉनिटरचे चौकोन असतात. चौकोन माउसने धरायचा आणि टेबलावर जिथे आहे तिथे नेऊन सोडायचा. प्रायमरी डिस्प्लेच्या यादीतून मुख्य मॉनिटर निवडायचा. मग अप्लाय. अप्लाय दाबेपर्यंत काहीच बदलत नाही, आणि नवखे इथेच फसतात: चौकोन हलवतात, खिडकी बंद करतात आणि ‘काही होत नाही’ म्हणतात.

अप्लायनंतर ‘हे बदल ठेवायचे का’ असा प्रश्न येतो आणि २० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. काही केलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. पडदा काळा झाला, चित्र विचित्र दिसलं, तरी कशालाही हात लावू नका. गप्प बसून वीस सेकंद मोजा. हा सुरक्षेचा दोर मुद्दाम ठेवलेला आहे.

ग्नोमचा एक हट्ट आहे. चौकोन एकमेकांना चिकटलेलेच पाहिजेत. मध्ये फट ठेवून तो मांडणी स्वीकारत नाही. खऱ्या टेबलावर दोन मॉनिटरमध्ये वीतभर अंतर असलं तरी इथे ते चिकटवूनच लावायचे.

कड कुठे जुळते तेही बघा

डावं-उजवं झालं की बहुतेक जण थांबतात. खरी गैरसोय मात्र उंचीत असते.

समजा लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ आहे आणि शेजारचा मॉनिटर १९२० × १०८०. लिनक्स या दोघांना एका मोठ्या कागदावर ठेवतो. कागदाचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली मोजत जायचं. दोन्ही चौकोनांच्या वरच्या कडा जुळवल्या, तर मोठ्या मॉनिटरच्या तळाच्या ३१२ पिक्सेलच्या पट्ट्यासमोर लॅपटॉपच्या बाजूला काहीच नसतं. तुम्ही मोठ्या मॉनिटरच्या खालच्या भागात काम करताय, कर्सर लॅपटॉपकडे ढकलताय, आणि तो अदृश्य भिंतीला थडकतोय. थोडा वर नेला की सटकन पलीकडे. कितीतरी लोक याला माउसचा बिघाड समजतात.

टेबलावर दोघांचा तळ साधारण एका रेषेत असेल, तर चौकोनांचाही तळ जुळवा. म्हणजे लॅपटॉपची जागा वरून ३१२ पिक्सेल खाली येते. लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवला असेल तर चौकोनही तितका वर. माझी पद्धत सांगतो: एक विंडो दोन्ही पडद्यांवर अर्धी-अर्धी पसरवायची आणि तिच्या वरच्या पट्टीची रेघ डोळ्यांना सलग दिसेपर्यंत चौकोन वर-खाली सरकवायचा. ग्नोम आणि प्लाझ्माच्या वेलँड सत्रात (वेलँड ही पडद्यावर चित्र उभं करणारी नवी यंत्रणा, जुनी ती एक्स११) विंडो कधीकधी एकाच पडद्यावर थबकते, कारण कडेपाशी ती चिकटते. मग नुसता कर्सर आडवा नेऊन बघितलं तरी चालतं.

मॉनिटर वर आणि लॅपटॉप त्याच्या खाली, अशी मांडणीही याच हिशोबाने होते. १९२० रुंदीच्या खाली १३६६ रुंदी मधोमध बसवायची तर डावीकडून २७७ पिक्सेल सोडायचे. कर्सर फक्त दोन्ही पडद्यांच्या सामाईक रुंदीतूनच खाली उतरेल. वरच्या मॉनिटरच्या कोपऱ्यातून तो उतरणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता एक सूचना, जी मी चार वेळा मांडणी विस्कटल्यावर शिकलो: जागा सगळ्यात शेवटी लावा. आधी रिझोल्यूशन, मग फिरवणं, मग स्केल (अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत याचं प्रमाण), आणि त्यानंतर चौकोनांची ओढाओढ. कारण या तिन्हींमुळे चौकोनाचा आकार बदलतो. १९२० × १०८० चा मॉनिटर उभा केला की तो १०८० रुंद आणि १९२० उंच होतो. ३८४० × २१६० चा मॉनिटर २०० टक्के स्केलवर ठेवला, की वेलँडमध्ये मांडणीच्या हिशोबात तो सहसा १९२० × १०८० एवढीच जागा घेतो. आधी जागा लावून मग स्केल बदललंत, तर कडा पुन्हा हलतात.

केडीई प्लाझ्मामध्ये

सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड मॉनिटर. चौकोन ओढणं, अप्लाय करणं, बदल पक्का करणं हे सगळं वरच्यासारखंच. आकड्यांचा अपवाद म्हणालो तो इथला. २०२३ साली आलेल्या प्लाझ्मा ५.२७ पासून मॉनिटरना प्राधान्यक्रम देता येतो. पहिल्या प्राधान्याचा पडदा मुख्य, दुसरा त्याच्या मागे, तिसरा त्याच्या मागे. पॅनल आणि डेस्कटॉपची मांडणी या क्रमाला बांधलेली असते. म्हणून प्लाझ्मामध्ये पॅनल भलत्या पडद्यावर गेलं तर पॅनल ओढत बसू नका, प्राधान्यक्रम तपासा. दोन मॉनिटर असतील तर मुख्य कोणता एवढाच प्रश्न दिसतो. तीन झाले की क्रम बदलण्याची सोय खरी उपयोगी पडते.

लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये डिस्प्ले नावाचं पान आहे, तिथे वेगळं सांगण्यासारखं काही नाही. एक्सएफसीई डेस्कटॉपच्या डिस्प्ले खिडकीत मात्र ॲडव्हान्स्ड या टॅबखाली प्रोफाइल जतन करता येतात. घरी एक मांडणी आणि कामाच्या जागी दुसरी असेल तर दोन्ही तिथे ठेवा.

टर्मिनलकडे जायचं असेल तर

आधी आपण कशावर चालतोय ते बघा. ग्नोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, सिस्टिम डिटेल्स या वाटेने गेलात की विंडोइंग सिस्टिमसमोर वेलँड किंवा एक्स११ असं लिहिलेलं असतं. प्लाझ्मामध्ये अबाउट धिस सिस्टिममध्ये ग्राफिक्स प्लॅटफॉर्म बघा. हे विचारायचं कारण असं, की इंटरनेटवर मिळणारे अर्धेअधिक जुने सल्ले एक्स११ साठीचे आहेत आणि आज बहुतेकांच्या मशीनवर वेलँड असतं. फेडोराने ग्नोमवर वेलँड २०१६ पासून मूळ पर्याय केला, प्लाझ्माने २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत.

एक्स११ असेल तर एक्सरँडआर ही आज्ञा तुमची. इथे ती उच्चाराने लिहितोय. टर्मिनलमध्ये एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा छोटी इंग्रजी अक्षरं, आणि आकडेही इंग्रजीच. नुसती आज्ञा देऊन एंटर दाबलंत की जोडलेल्या पोर्टांची यादी येते. नावं जशी दिसतील तशीच वापरायची, लहान-मोठ्या अक्षरांसकट. ईडीपीमधला ई लहान आणि पुढची दोन अक्षरं मोठी असतात. मग मांडणी अशी:

एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --ऑटो --लेफ्ट-ऑफ ईडीपी-१

म्हणजे एचडीएमआयचा मॉनिटर त्याच्या स्वाभाविक रिझोल्यूशनवर चालू कर आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या डावीकडे ठेव. लेफ्ट-ऑफच्या जागी राइट-ऑफ, अबव्ह किंवा बिलो चालतं. शेवटी --प्रायमरी जोडलं तर तोच मॉनिटर मुख्य होतो. ऑटो विसरलात आणि तो पोर्ट बंद अवस्थेत असेल, तर पडदा काळाच राहतो.

उंचीची जुळणी करायची तर --पॉस वापरा. मघाचंच उदाहरण घेतलं, लॅपटॉप डावीकडे आणि मोठा मॉनिटर उजवीकडे, तर लॅपटॉपची जागा ०x३१२ आणि मोठ्याची १३६६x०. मधला एक्स हे इंग्रजी अक्षर. १९२० रुंदीचे तीन सारखे मॉनिटर एका ओळीत असतील तर आडव्या जागा ०, १९२० आणि ३८४०.

एवढं टाइप करायला नको वाटत असेल तर एरँडआर हा छोटा प्रोग्राम घ्या. चौकोन ओढायचे आणि मांडणी जतन करायची. तो हीच आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून देतो. एक्सरँडआरने केलेला बदल लॉगआउट केल्यावर जातो, म्हणून ती स्क्रिप्ट लॉगिन झाल्यावर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत टाकावी लागते. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे मॉनिटर असतील तर ऑटोरँडआर आणखी चांगला. मांडणी एका नावाने जतन करून ठेवली, की कोणते मॉनिटर जोडलेत ते ओळखून तो ती लावतो.

वेलँडवर एक्सरँडआर यादी दाखवेल, पण मांडणी बदलू शकणार नाही. तिथे मांडणीचा अधिकार डेस्कटॉपकडेच असतो. ग्नोम आणि प्लाझ्मात सेटिंग्जच वापरा. प्लाझ्मात आज्ञाच द्यायची असेल तर केस्क्रीन-डॉक्टर आहे. स्वे (वेलँडवरचा एक हलका विंडो व्यवस्थापक) वापरणाऱ्यांनी त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये आउटपुट या शब्दापुढे पोर्टाचं नाव, मग पोझिशन आणि दोन आकडे लिहायचे. ओढाओढीसाठी डब्ल्यूडिस्प्लेज आणि ठिकाणानुसार मांडणी बदलायला कान्शी हे दोन प्रोग्राम तिथे कामाला येतात.

मांडणी विसरली जाते तेव्हा

ग्नोम आपली मांडणी होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात मॉनिटर्स डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. फाइल्स या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. या फाइलमध्ये पोर्टाचं नाव, कंपनी, मॉडेल आणि सिरियल क्रमांक अशी चौकडी लिहिलेली असते. चौकडीतलं काहीही बदललं, की ग्नोमच्या लेखी ती नवी जोडणी होते आणि तो आपल्या मनाने मांडणी करतो. माझ्या टेबलाखालच्या पराक्रमाने नेमकं हेच झालं होतं. केबल काढावी लागली तर परत त्याच पोर्टात लावा; त्यासाठी मी केबलीच्या टोकाला चिकटपट्टी लावून ‘डावा’, ‘उजवा’ असं लिहून ठेवलंय.

डॉकमधून (एकाच केबलने लॅपटॉपला बरीच पोर्टं देणाऱ्या डब्यातून) दोन-तीन मॉनिटर चालवणाऱ्यांना हा त्रास जास्त. डॉक पुन्हा जोडला की डिस्प्लेपोर्टच्या नावापुढचा आकडा कधीकधी बदलतो. काल डीपी-३ असलेला आज डीपी-५. स्वेमध्ये यावर सोपी सोय आहे: पोर्टाच्या नावाऐवजी कंपनी, मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहायचा. इतरत्र, सगळे मॉनिटर चालू करून मगच डॉकची केबल लॅपटॉपला लावायची सवय ठेवली तर त्रास कमी होतो.

दुसरी तक्रार अशी: चहा पिऊन येईपर्यंत मॉनिटर झोपतात, जागे झाल्यावर सगळ्या विंडो एकाच पडद्यावर गोळा. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर झोपताना केबल उपसल्यासारखेच गायब होतात, आणि डेस्कटॉप बिचारा विंडो उरलेल्या पडद्यावर हलवतो. उपाय लिनक्समध्ये शोधू नका, मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेनूत शोधा. तिथे डीप स्लीप किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा.

विंडो दिसेनाशीच झाली असेल, तर ती आल्ट आणि टॅबने निवडा आणि सुपर (विंडोजची खूण असलेली कळ), शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. ग्नोम आणि प्लाझ्मा दोन्हीकडे ती शेजारच्या पडद्यावर उडी मारते. सगळंच बिघडलं, लॉगिननंतर काहीच दिसत नाही, असं झालं तर सुपर आणि पी दाबून मिरर किंवा एकच पडदा असे पर्याय फिरवून बघा. तरी जमलं नाही तर ग्नोमची ती मॉनिटर्स डॉट एक्सएमएल फाइल काढून टाका आणि पुन्हा लॉगिन करा. मांडणी कोरी होते, बाकी काही जात नाही.

डेस्कटॉप नीट लागला, पण लॉगिनची पाटी मात्र आडव्या पडलेल्या किंवा चुकीच्या मॉनिटरवर येते, असंही दिसेल. लॉगिनचा पडदा तुमच्या खात्याच्या सेटिंग्ज वाचत नाही, कारण तेव्हा तुम्ही लॉगिन केलेलंच नसतं. तो स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो आणि त्याची मांडणी वेगळी द्यावी लागते. आणि मशीन सुरू होतानाचा कंपनीचा लोगो कुठल्या मॉनिटरवर यावा, हे तर लिनक्स सुरू होण्याआधीच फर्मवेअर, म्हणजे मशीनमधला मूळ प्रोग्राम, ठरवतं. तो एकटाच बदलायचा असेल तर मात्र टेबलाखाली शिरून केबली बदलाव्या लागतील, आणि मग वरची सगळी मांडणी पुन्हा एकदा.